आधी विचारा, मग मान डोलवा

वऱ्हाडात महाराजांची कमी नाही आणि ऐकणाऱ्यांचीही नाही. सप्ताह बसला की गाव मंडपात जमतं, कीर्तनकार बोलतात, आपण माना डोलवतो, काल्याचा प्रसाद घेतो आणि घरी येतो. त्यात वाईट काहीच नाही. पण ऐकून झाल्यावर जे काम उरतं, ते आपण सोडून दिलं आहे. ते काम याच भागात, अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात, पूर्वी फार कसून केलं गेलं. ते आपण साध्या माणसांनी पुन्हा हाती घ्यावं, एवढी विनंती करायला हे लिहितो आहे.

काम कोणतं, तर तत्त्वज्ञानातलं संशोधन. शब्द ऐकून दचकू नका. परीक्षानळी नाही, मोजमाप नाही, मग संशोधन कसलं, असं बी.ए.ची मुलंसुद्धा विचारतात. सांगतो. जग माया आहे, जे होतं ते कर्मानं होतं, असं एखादं मोठं विधान कानावर येतं. ते नेमकं कुणी केलं, कुठं केलं, कोणत्या शब्दांत केलं, हे शोधायचं. मग त्याचा अर्थ काय लागतो ते ठरवायचं. आणि तो अर्थ तपासणीत टिकतो का ते पाहायचं. ही कामं वेगवेगळी आहेत, आणि आपण ती एकाच घासात गिळतो.

पहिल्या कामापासून धरू, कारण त्यातच सगळ्यात जास्त ढिलाई आहे. सकाळी मोबाइल उघडला की कुणा ना कुणा संताचा फोटो आणि खाली एक वाक्य. ते वाक्य तुकडोजी महाराजांचं आहे की मागच्या महिन्यात कुणी तरी जुळवलंय, हे पाठवणाऱ्याला माहीत नसतं आणि पुढं ढकलणाऱ्यालाही. "हे कुठी लिवलं हाय, दादा?" असं विचारलं की समोरचा चिडतो, जणू आपण संतावरच शंका घेतली. खरं तर शंका त्या पाठवणाऱ्यावर असते, आणि ती घेणं हा त्या संताचा मानच आहे.

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला हे सातशेहून जास्त वर्षांपूर्वी कळलं होतं. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांची माणसं रिद्धपुरात त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या आधारानं राहिली. त्यांतला म्हाइंभट हा मुळात शास्त्रार्थाची खुमखुमी असलेला पंडित. त्यानं ठरवलं की स्वामींच्या आठवणी जमवायच्या. मनानं चार कथा रचून देणं त्याला अवघड नव्हतं, एवढी विद्या त्याच्याकडे होती. त्यानं तसं केलं नाही. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना त्यानं गाठलं. मिळालेली आठवण नागदेवाचार्यांपुढं ठेवली, कारण स्वामींच्या सहवासातला सगळ्यात जाणते साक्षीदार तेच होते. त्यांच्याकडून पारख झाल्यावर ती लिहिली. यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ म्हणून आपण त्याचा अभिमान सांगतो; तो साक्षीपुराव्यावर उभा आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

पुढं खिलजीच्या धामधुमीत मूळ प्रत गेली, असं परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्या तोंडून ग्रंथ पुन्हा जुळवावा लागला. आता आठवणी म्हटल्या की फरक आलेच. अशा वेळी सोपा मार्ग एकच असतो: आपल्याला आवडेल तो पाठ ठेवायचा, दुसरा पुसायचा. महानुभावांनी वेगळ्या आठवणी वेगळ्या म्हणून जपल्या. अमक्याला असं आठवतं, तमक्याला तसं, ही नोंद राहू दिली आणि तिला 'वासना' म्हटलं. ज्या ग्रंथावर आपली श्रद्धा आहे त्याच्याच पानावर "याबद्दल दोन मतं आहेत" असं लिहून ठेवायला छाती लागते. आज आपल्या घरातल्या आजोबांच्या गोष्टीबद्दलही आपण असं लिहीत नाही.

या रीतीचा आणखी एक भाग मला फार कामाचा वाटतो. त्याच पंथातल्या केसोबासांनी स्वामींनी दिलेले दृष्टांत एकत्र केले, तो 'दृष्टान्तपाठ'. त्याची बांधणी पाहा. आधी सूत्र येतं, म्हणजे स्वामींचं म्हणणं. मग दृष्टांत. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे या गोष्टीतलं काय कशाला लागू करायचं त्याचा खुलासा. तिन्ही अलग. स्वामींचं कोणतं आणि केसोबासांचं कोणतं, हे वाचणाऱ्याला कळतं. आपल्या कीर्तनांत दृष्टांत भरपूर असतात, दार्ष्टान्तिक गळालेलं असतं. गोष्ट रंगली की मुद्दा सिद्ध झाला असं आपण धरून चालतो.

त्यातलाच हत्तीचा दृष्टांत घ्या, जो सगळ्यांना माहीत आहे. आंधळी माणसं हत्तीला हात लावतात. पाय हाती आला त्याला खांब वाटतो, कान हाती आला त्याला सूप. हा दृष्टांत आपण कुठंही वापरतो: सगळे धर्म सारखे, सगळी मतं अर्धी खरी. आता जरा थांबून विचारा. गोष्टीत हत्ती आहे हे कुणाला माहीत आहे? जो डोळस आहे त्याला. म्हणजे पूर्ण सत्य पाहणारा कुणी तरी आहे, हे ती गोष्ट आधीच गृहीत धरते. स्वामींच्या मांडणीत तो डोळस कोण ते ठरलेलं आहे. पण आपण जेव्हा "सगळेच आंधळे" म्हणून ही गोष्ट सांगतो, तेव्हा हत्ती पाहिला कुणी, हा प्रश्न आपल्याच गळ्यात येतो. दृष्टांत कुठपर्यंत चालतो आणि कुठं थांबतो, हे तपासणं म्हणजे अर्ध्याहून जास्त तत्त्वज्ञान आहे. पुढच्या सप्ताहात करून पाहा.

आता दुसरी हकीकत, खुद्द अमरावती शहरातली. आज जिला विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणतात, ते तेव्हाचं किंग एडवर्ड कॉलेज. तिथं हिरालाल जैन संस्कृतचे प्राध्यापक होते. दिगंबर जैनांचा अतिशय जुना सिद्धांतग्रंथ 'षट्खंडागम' आणि त्यावरची वीरसेनाचार्यांची 'धवला' टीका शतकानुशतकं कर्नाटकात मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंद होती. दर्शन घ्यायचं, वाचायचं नाही, अशी स्थिती. त्यातून नकला बाहेर पडल्या, त्यांच्याही नकला झाल्या. अमरावती, कारंजा आणि बिहारातलं आरा, इथल्या प्रती एकमेकींशी ताडून हिरालालजी आणि त्यांच्या सोबतच्या पंडितांनी ग्रंथ छापायला घेतला. पहिला खंड १९३९ साली अमरावतीतून निघाला. सोळा खंड पुरे व्हायला वीसेक वर्षं गेली.

त्या पहिल्या खंडात ९३ वं सूत्र आहे. स्त्रीचा आत्मा साधनेच्या कोणकोणत्या पायऱ्यांवर असू शकतो, त्याची त्यात यादी येते. हाती असलेल्या प्रतींमध्ये यादी एका पायरीवर थांबत होती. पूर्ण संयमाची जी पुढची पायरी, तिचं नाव, प्राकृतात 'संजद', तिथं नव्हतं. पण सूत्राखालची वीरसेनाचार्यांची टीका वाचली तर ती अशी शंका घेते आणि असं समाधान देते की तो शब्द सूत्रात असल्याशिवाय शंकेलाच अर्थ उरत नाही. नसलेल्या गोष्टीवर कुणी आक्षेप कशाला घेईल? संपादकांनी काय केलं? शब्द मुकाट्यानं सूत्रात घुसवला नाही, आणि "प्रतीत नाही म्हणजे नाही" असंही म्हटलं नाही. इथं 'संजद' शब्द सुटलेला दिसतो, अशी तळटीप दिली.

एका शब्दावरून पंडितांमध्ये केवढी रणधुमाळी माजली! साहजिक आहे, स्त्रीला मोक्षाचा अधिकार आहे की नाही, हा दिगंबर-श्वेतांबरांतला जुना वाद त्या एका शब्दाला चिकटलेला. पुढं मूडबिद्रीची ताडपत्रं पाहायला मिळाली. शब्द तिथं होता.

लोक ही गोष्ट सांगताना इथंच टाळ्या घेतात. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. शब्द सापडला म्हणून वाद संपला नाही. सूत्रातली 'स्त्री' म्हणजे देहानं स्त्री की भावानं स्त्री, हा अर्थाचा प्रश्न शिल्लक राहिलाच, आणि ताडपत्र त्याचं उत्तर देऊ शकत नव्हतं. काय लिहिलं आहे हे प्रत सांगते. त्याचा अर्थ काय, हे विचारानं ठरवावं लागतं. "ग्रंथात लिहिलंय" म्हणून जो माणूस चर्चा बंद करतो, तो पहिल्या कामाच्या जोरावर उरलेल्या दोन्ही कामांना सुट्टी देत असतो.

तिसरं काम, टिकतं की नाही ते पाहण्याचं. त्यात आपल्याकडे गाडगेबाबांसारखा माणूस झाला आणि आपण त्यांचा फक्त खराटा लक्षात ठेवला. शेणगावात जन्मलेला, शाळा न शिकलेला हा माणूस कीर्तनात उत्तरं कमी देई आणि प्रश्न फार विचारी. लोकच उत्तर देत आणि स्वतःच्याच उत्तरात अडकत. सत्यनारायणाच्या पोथीबद्दल त्यांचा मुद्दा प्रसिद्ध आहे: प्रसादामुळे बुडालेलं जहाज वर येतं असं पोथी म्हणते ना, मग महायुद्धात एवढी जहाजं समुद्राच्या तळाला गेली, चार पैशांचा शिरा करून एक तरी वर काढून दाखवा. मुंबईत वांद्र्याला १९५६ च्या नोव्हेंबरात झालेलं त्यांचं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते मिळवून ऐका आणि हसू आवरून रीत पाहा. समोरच्याचं म्हणणं आधी कबूल करायचं, मग त्यातून जे निघायलाच हवं ते काढायचं, आणि ते डोळ्यांसमोर धरायचं. न्यायशास्त्र यालाच तर्क म्हणतं. त्याच शास्त्रात असंही बजावलेलं आहे की तर्क हे स्वतंत्र प्रमाण नव्हे, तो प्रमाणाला मदत करतो. म्हणून बाबांच्या जहाजानं पोथीतली एक गोष्ट बुडाली. देव नाही असं त्यातून सिद्ध झालं नाही, आणि बाबांचा तसा दावाही नव्हता. कीर्तनात ते देवकीनंदन गोपाळाचाच गजर करत.

हीच रीत आपल्या उंबऱ्यावरच्या एका वाक्याला लावून पाहू. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला. बोंड फोडलं की आत अळी. धुऱ्यावर बसलेला माणूस म्हणाला, "नशिबात होतं, बाप्पा." भेटायला आलेलेही तेच म्हणाले.

या वाक्यात निदान तीन प्रश्न एकत्र मळलेले आहेत. अळी का आली, हा एक. तो तत्त्वज्ञानाचा नाही, तो अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा आहे, आणि त्याचं उत्तर आहे: बीटी वाण २००२ पासून आलं, अळीनं त्याला दाद देणं हळूहळू सोडलं, भोवतीनं बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या त्या कुणी लावल्या नाहीत, आणि फरदड ठेवल्यानं अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळाला. नुकसानीचं काय झालं, हा दुसरा. तो पंचनाम्याचा आणि तलाठी कार्यालयातल्या कागदांचा. जो प्रश्न शेतात जाऊन सुटतो तो शेतात जाऊनच सोडवावा. त्यावर चिंतन करत बसणं हा आळस आहे. हे दोन बाजूला काढले की मग जे उरतं ते खरं आपलं: माझ्याच वाट्याला का? आणि 'नशीब' म्हणताना मी नेमकं काय म्हणतो आहे?

नशीब हे कारण म्हणून सांगत असाल, तर ते घडायच्या आधी ओळखता यायला हवं. पीक आलं असतं तर तेही नशीबच, गेलं तेही नशीबच. मग त्या शब्दानं कळलं काय? शिवाय गावच्या गाव गेलं. सगळ्यांचं पूर्वकर्म एकाच हंगामात, एकाच अळीच्या रूपानं फळाला आलं का? गाडगेबाबांनी हाच प्रश्न विचारला असता असं मला वाटतं.

पण इथंच थांबलात तर काम अर्धवट राहील. कर्मसिद्धांत मानणारा शहाणा माणूस काय म्हणेल, ते त्याच्या बाजूनं, त्याला पटेल असं मांडून दाखवा. तो म्हणेल, "मी कुठं म्हणतो की अळी कर्मानं आली? परिस्थिती मागल्या कर्मानं वाट्याला येते, तिच्यात काय करायचं ते माझ्या हाती आहे." 'योगवासिष्ठ' तर दैवापेक्षा पौरुषाला वरचढ ठरवतं. टिळकांनी 'गीतारहस्य'भर कर्म करण्यावरच भर दिला. हा पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मघाच्या दोन वारांत पडत नाही. त्याला वेगळं विचारावं लागेल: हातात किती आणि वाट्याला आलेलं किती, ही रेघ कोण आखतं? पूर्वपक्ष जितका भक्कम मांडाल, तितका आपला प्रश्न धारदार होतो.

आणि एक शक्यता राहते. धुऱ्यावरचा माणूस कारण सांगतच नव्हता, तो स्वतःच्या मनाला धीर देत होता. मग ते वाक्य खरं की खोटं हा प्रश्नच गैरलागू. त्या दिवशी त्याच्याशी वाद घालणारा तत्त्वज्ञ नव्हे, अडाणी. मात्र तेच वाक्य बियाणं विकणारा बोलू लागला, तर ते धीर देणं नव्हे, अंग काढून घेणं झालं. शब्द तेच, बोलणारा बदलला की काम बदललं. वाक्य कोण, कुणाला, कधी म्हणतो, हे पाहिल्याशिवाय त्याचा निकाल लावू नये.

पूर्वपक्षाबद्दल बोलायचं तर माधानच्या गुलाबराव महाराजांचं नाव घ्यावंच लागेल. १८८१ चा जन्म, १९१५ ला देह ठेवला, म्हणजे चौतीस वर्षांचं आयुष्य. तान्हेपणीच दृष्टी गेलेली. लोकांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे, ऐकायचे, लक्षात ठेवायचे आणि सांगून लिहवून घ्यायचं. शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तकं अशी झाली. त्यांनी डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांशी झुंज घेतली. त्यांचा निकाल मला सगळा पटत नाही. उत्क्रांतीच्या बाजूनं आज जेवढा पुरावा आहे तो पाहता पटणं शक्यही नाही. पण विसाव्या शतकाच्या आरंभी, वऱ्हाडातल्या एका खेड्यात, डोळ्यांनी न दिसणारा माणूस विरुद्ध पक्षाचं म्हणणं मिळवून समजून घेतो आणि मग उत्तर देतो. आपल्याला दोन्ही डोळे आहेत, हातात इंटरनेट आहे, आणि विरुद्ध पक्षाचं एक पान आपण पुरं वाचत नाही.

न्यायशास्त्रानं चर्चेच्या तीन जाती सांगितल्या आहेत. सत्य कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकायचं म्हणून होतो तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं पाडायचं, ती वितंडा. पानटपरीवरच्या चर्चा कोणत्या जातीच्या, हे सांगायला नको. टीव्हीवरच्या तर विचारूच नका.

तेव्हा करायचं काय? कापूस वेचून झाला, तूर निघाली की फाल्गुन-चैत्रात गावाला थोडी सवड असते. चारपाच जण जमा. त्यात बाया हव्यातच, आणि चहा करण्यापुरत्या नकोत. चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांत महादाइसेच्या चौकसपणाचं कौतुक केलं होतं. ती विचारी ते प्रश्न त्यांना मोलाचे वाटत. पुढं नागदेवाचार्यांनी जाणत्या पंडितांनाही संस्कृत बाजूला ठेवून मराठीत बोलायला लावलं, कारण नाही तर पंथातल्या बायाबापड्या बाहेर राहिल्या असत्या. म्हणून जमाल तिथं वऱ्हाडीतच बोला. "काऊन?" हा प्रश्न कोणत्याही पारिभाषिक शब्दापेक्षा कमी नाही.

एका बैठकीला एकच वाक्य घ्या. सप्ताहात ऐकलेलं असो, नाही तर मोबाइलवर आलेलं. शंभर पानांची एक वही करा. डाव्या पानावर ते वाक्य जसंच्या तसं लिहा आणि खाली ते कुठून आलं ते: ग्रंथ, संपादक, पान, किंवा ज्याच्या तोंडून ऐकलं त्याचं नाव आणि तारीख. ठिकाण सापडलं नाही तर "ठिकाण सापडलं नाही" असं लिहा. ती नोंद लाजिरवाणी नाही. उजव्या पानावर आपलं बोलणं. कुणाचा मुद्दा त्याचं नाव घाला. दोन मतं राहिली तर दोन्ही ठेवा. दुसऱ्याच्या बाजूनं बोलायची पाळी आळीपाळीनं घ्या. जो सर्वांत जास्त आस्तिक त्यानं नास्तिकाची बाजू मांडायची, आणि उलट. पहिल्या दिवशी भांडणं होतील. होऊ द्या.

पुस्तकं लागतील. 'लीळाचरित्रा'ची वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली १९७८ ची आवृत्ती जुन्या ग्रंथालयांत मिळते. पाठभेद कसे नोंदवतात हे पाहायला तेवढं एक पुस्तक पुरे. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आणि गावच्या वाचनालयांत तत्त्वज्ञानाचं कपाट असतंच, आणि त्याची किल्ली बहुधा ग्रंथपालालाच शोधावी लागते, इतकं ते उघडत नाही. मागा म्हणजे उघडेल. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. अमरावतीहून बसनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. जाताना ती वही बरोबर न्या आणि ज्या वाक्यांचं ठिकाण सापडलं नसेल ती तिथल्या मास्तरांपुढं ठेवा.